दीड एकर विकून पर्मनंट व्हावं का? (सल्ला पाहिजे, टोमणे नकोत)

पेन्सिल_सर
राम राम मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, लिहायला आज बसलो कारण घरात या विषयावर बोलायची सोयच राहिली नाही. वय ३७, विषय इतिहास. नेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) आहे, पीएचडी आहे, तालुक्याच्या एका अनुदानित सिनिअर कॉलेजात सीएचबीवर हे नववं वर्ष. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, घेतले तेवढ्या तासांचे पैसे, आठवड्याला नऊच तास धरतात आणि उन्हाळ्यात आपण कुणीच नसतो. बिल वर्षातून एकदा नाहीतर दोनदा निघतं, त्यामुळं आमच्या किराणावाल्याला युनिव्हर्सिटीचं वेळापत्रक माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आमच्या विषयाचे सर रिटायर झाले आणि ती जागा भरायला सरकारची एनओसी (परवानगी) आली. परवा संस्थेच्या एका माणसानं चहाला बोलवलं. म्हणाला सर तुम्ही तर घरचेच, बाहेरचा माणूस कशाला आणायचा, पण संस्थेचं पण बघावं लागतं. किती बघावं लागतं ते तोंडानं बोलला नाही, कॅल्क्युलेटरवर आकडा टाकला, मोबाइल माझ्याकडं फिरवला आणि मी वाचेपर्यंत पुसून पण टाकला. आकडा इथं लिहीत नाही. रोडटच दीड एकर गेलं की भागतंय एवढं समजा. एकूण साडेचार आहे आमची, त्यातली विहीर याच दीडमध्ये.

दादा, म्हणजे वडील, म्हणतात विकू. माय काहीच बोलत नाही, नुसती भाकरी थापते. बायको म्हणते आपण कर्ज काढू पण जमीन नको, आणि मला ती सीएचबीची पावती घेऊन बँकेत गेलेलो आठवतो, मॅनेजरनं पावती उलटी करून मागं काही लिहिलंय का बघितलं होतं.

नाव पेन्सिल_सर का तर कॉलेजात टाइमटेबल लागतं त्यात पर्मनंट लोकांची नावं प्रिंट असतात आणि आमच्या रकान्यात क्लार्क पेन्सिलीनं लिहितो. दर जूनला खोडरबर. तर विकावं का?

हुरडा_पार्टी
नका विकू. जमीन गेली की गेली.

कडबाकुट्टी
वरच्या भाऊंना बोलायला काय जातंय. हिशोब बघा ना. असिस्टंट प्रोफेसरचं सातव्या वेतनात बेसिकच ५७,७०० आहे, वर डीए, घरभाडं. साठाव्या वर्षापर्यंत नोकरी, म्हणजे सरांकडं २३ वर्ष. दीड एकर कोरडवाहूत सोयाबीन काढून २३ वर्षात काय राहतंय ते आमच्यासारख्याला विचारा, मागच्या पावसाळ्यात माझं तर रान खरवडून गेलंय, माती सुद्धा राहिली नाही. विका आणि मोकळे व्हा. सोयरीक, बँक, समाज सगळे पर्मनंटच विचारतात. माझ्या मेव्हण्याला पोरगी दाखवायला आलेल्या माणसानं पहिला प्रश्न काय विचारला, "मान्यता आली का?" म्हणजे नेमणुकीला सरकारी मंजुरी. पोराचं नाव नंतर विचारलं.

पेन्सिल_सर
कोरडवाहू नाही भाऊ, विहीर आहे म्हणलं ना. बाकी मान्यतेचं खरंय.

वकील_नाही_कारकून
मी वकील नाही, वकिलाकडं पंधरा वर्ष टायपिंग केलंय, तेवढ्यावरून सांगतो. २०१८ ला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात बदल झाला, तेव्हापासून लाच देणारा पण गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसात तक्रार केली तरच सुटका. आणि सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षण संस्थेचा पदाधिकारी त्या कायद्यात लोकसेवक धरलाय, म्हणजे "खाजगी संस्था आहे, आमचा आपापसातला मामला" हे चालत नाही. हे झालं कागदावरचं. कागदाबाहेरचं असं की या पैशाची पावती नसते. नेमणूक होईल, पण सहसंचालक ऑफिसला अप्रूव्हल अडकलं, आरक्षणाच्या रोस्टरचा बिंदू चुकला, इंटरव्ह्यूवर कुणी हायकोर्टात गेला तर पैसे मागायला कुठल्या तोंडानं जाणार. खंडपीठात असल्या फायली मी हातानं शिवल्यात.

कायमचा_विनाअनुदानित
पावतीवरून आठवलं म्हणून सांगतो. माझा मित्र, नाव गाव सोडा. २०१२ च्या सुरुवातीला एका हायस्कूलला लागला, त्याच्याही बापानं विकलं होतं. आधीच्या वर्षी पटपडताळणी (पटावरची पोरं खरंच शाळेत आहेत का याची मोजणी) झाली होती, सुरुवात आपल्या नांदेडातून झाली आणि मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर. पोरं कागदावरच निघाली बऱ्याच शाळांत. मग २ मे २०१२ ला शासनानं भरतीच बंद केली. याचा प्रस्ताव टेबलावर होता तो टेबलावरच राहिला. सात वर्ष रोज शाळेत जायचा, शिकवायचा, सही करायचा, पगार शून्य. संस्थाचालक म्हणायचा मी तर ऑर्डर दिली ना, सरकार देत नाही त्याला मी काय करू. आता तो परळी रोडला रसवंती चालवतो. गिऱ्हाईक सर म्हणतात त्याला, तेवढं राहिलंय.

माझं स्वतःचं थोडक्यात. आमची शाळा "कायम विनाअनुदानित". माझ्या ऑर्डरमध्ये मी तात्पुरता आणि शाळेच्या ऑर्डरमध्ये विनाअनुदान कायम! अख्ख्या शिक्षण खात्यात आम्हाला कायम शब्द मिळाला तो असा. २० जुलै २००९ ला तो शब्द काढला म्हणून आम्ही पेढे वाटले होते, आणि पहिलं २० टक्के अनुदान यायला २०१६ उजाडलं. मधल्या सात वर्षात किती वेळा आझाद मैदानाला जाऊन बसलो ते मोजलं नाही. तपोवन एक्सप्रेसचा टीसी ओळखायला लागला होता.

गोदातीरी_माय
कायमचा सर, तुमचं वाचून हसावं का रडावं. मी इंग्लिश मीडियमला होते, सेल्फ फायनान्स, ६ वर्ष. सहाव्या वर्षी मी बाळंतपणाला गेले आणि परत आले तर माझ्या वर्गावर दुसरी मॅडम. प्रिन्सिपल म्हणाल्या तुम्ही टेम्पररी होतात, आणि आमची शाळा अनएडेड असल्यामुळं आम्हाला तो सरकारी कायदा लागत नाही. मी डबा उचलला आणि घरी आले. माझी खडूची डबी आणि स्केचपेन तिथंच राहिले, ते मागायला सुद्धा गेले नाही.

वकील_नाही_कारकून
ताई हे चुकीचं सांगितलं तुम्हाला, आणि हेच सगळीकडं सांगतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात, तो मान्यताप्राप्त खाजगी शाळेला लागतो, अनुदान असो नसो. कायम रिकाम्या जागेवर रीतसर नेमलं असेल आणि दोन वर्ष परिविक्षा (प्रोबेशन) पूर्ण झाली तर माणूस कायम धरला जातो. संस्थेनं तसं वेगळं पत्र दिलंच पाहिजे असं नाही. (शिक्षणसेवक असेल तर तीन वर्ष.) काढलं तर ३० दिवसात शाळा न्यायाधिकरणात अपील. उशीर झाला तरी सबळ कारण असेल तर अपील ऐकतात, बाळंतपण हे सबळ कारण नाही तर काय आहे.

फक्त तुमची ऑर्डर काय म्हणते ते बघावं लागेल. बऱ्याच शाळा ११ महिन्यांची ऑर्डर देतात, जागा कायम असली तरी. तात्पुरत्याला काय, एक महिन्याची नोटीस की संपलं.

गोदातीरी_माय
ऑर्डरच दिली नव्हती. व्हॉट्सॲपवर "जॉइन फ्रॉम मंडे" एवढा मेसेज. तो फोन पाण्यात पडला. पोरगं आता पाच वर्षाचं आहे.

वकील_नाही_कारकून
अवघड आहे मग. पगार बँकेत यायचा का? तरी पासबुक काढून ठेवा.

अंबाजोगाईचा_म्हातारा
बाळांनो, मी १९७१ साली मास्तर झालो. हा ७७ चा कायदा यायच्या आधीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, टायपिंगला वेळ लागतो तेवढं सांभाळून घ्या. तेव्हा खाजगी शाळेत ३० एप्रिलला मास्तरला कमी करायचे आणि जूनात परत घ्यायचे. सुट्टीचा पगार वाचायचा. ज्याचं तोंड पसंत नाही त्याला जूनात बोलावणंच येत नसे. माझ्या बरोबरचे एक गणिताचे मास्तर, फार गुणी माणूस, ते चेअरमनच्या पोराला नववीत नापास करून बसले. जून गेला, जुलै गेला. शेवटी ७२ च्या दुष्काळात त्यांना मी पाझर तलावाच्या कामावर मस्टर लिहिताना पाहिलं. अक्षर सुंदर म्हणून मुकादमानं ठेवून घेतलं होतं.

आणि रुजू होतानाच कोऱ्या कागदावर राजीनामा लिहून घ्यायचे, तारीख न टाकता. तो कागद सेक्रेटरीच्या कपाटात. म्हणून त्या कायद्यात राजीनाम्याचं एवढं बारीक लिहिलंय की कर्मचाऱ्यानं दोन प्रती करायच्या, दोन्हीवर सही आणि तारीख टाकायची, एक रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि एक आपल्यापाशी ठेवायची. आजच्या पोरांना वाटेल पोस्टाचं काय कौतुक. ज्यानं तो कोरा कागद दिलाय त्याला विचारा. मी दिला होता.

पेन्सिल सर, तुमचा उन्हाळा आणि आमचा उन्हाळा एकच निघाला. कायदा शाळेला लागला आणि तुमच्या सीनियर कॉलेजात एप्रिल-जूनचा खेळ तासिकेच्या नावानं परत आला. जमिनीचं मी काही सांगत नाही, तो तुमच्या वडिलांचा प्रांत.

लातूरकर_बाप
सगळं ठीक आहे पण पालकांच्या बाजूनं कुणी बोलणार का नाही? पर्मनंट झाल्यावर किती मास्तर शिकवतात ते पण लिहा. आमच्या गावच्या शाळेत एक सर प्लॉटिंग करतात, एक एलआयसी. माझ्या पोराच्या कॉलेजात मी दोन वर्षात फिजिक्सच्या सरांचा फक्त फोटो बघितला, फ्लेक्सवर. आम्ही लातुरात ट्युशन एरियात पैसे ओततो, तिथं शिकवणाऱ्याला कसली पर्मनंट ऑर्डर? पोरं तुटली की क्लास बंद. म्हणून ते सकाळी सहाला उभे राहतात. लातूर पॅटर्न लातूर पॅटर्न म्हणतात तो आता कॉलेजात किती आणि क्लासात किती हे सगळ्यांना माहीत आहे. नोकरी कायम म्हणजे काम कायम बंद असं झालंय. राग नसावा.

खडू_फळा
राग आला आहे. मी झेडपीचा, बीड जिल्हा, २१ वर्ष झाली. प्लॉटिंग करणारे मला पण माहीत आहेत आणि त्यांना कुणी काही करत नाही कारण ते पुढाऱ्याचे आहेत, पर्मनंट आहेत म्हणून नाही. नोकरी कच्ची केली तर पहिला कोण जाईल, तो प्लॉटिंगवाला जाईल का मी जाईन? विचार करून सांगा.

आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की निम्मा वर्ग कारखान्याला. आईबाप कोयता घेऊन जातात, पोरं बैलगाडीवर नाहीतर ट्रॅक्टरवर मागं बसून. मी ट्रॅक्टर सुटायच्या आदल्या रात्री तांड्यावर जाऊन आजीकडं पोरं ठेवा म्हणून पाया पडायचं बाकी ठेवतो. ट्युशनवाल्या सरांनी हे केलंय का? त्यांच्याकडं येणारं पोरगं फी भरून येतं. माझ्याकडं आधार कार्डावरचं नाव जुळत नाही म्हणून ते पोरगं संच मान्यतेत (पटावरून शाळेला शिक्षक किती ते ठरतं त्यात) धरत नाहीत, पोरगं माझ्यासमोर बाकावर बसलंय आणि कॉम्प्युटर म्हणतो ते नाही. मग पट कमी, मग मी अतिरिक्त, मग समायोजन, जा दुसऱ्या तालुक्याला. याला पर्मनंट म्हणतात होय?

आणि आता १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. पहिली ते आठवी शिकवणाऱ्या ज्यांची पाच वर्षापेक्षा जास्त नोकरी राहिली त्यांनी दोन वर्षात टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं, नाहीतर घरी. मी लागलो तेव्हा टीईटी नावाची चीज नव्हती, महाराष्ट्रात पहिली झाली २०१३ ला. वय ४६. पोरगी नीटची तयारी करते आणि मी बालमानसशास्त्राची, एकाच टेबलावर. परवा मला म्हणली बाबा तुमचे मार्क किती पडले मॉकला. मी सांगितले नाहीत.

लातूरकर_बाप
खडू सर तुम्ही वेगळे आहात, तुमच्यासारख्याला नमस्कार आहे. पण तुमच्यासारखे किती? आणि परीक्षा द्यायला काय हरकत आहे, डॉक्टर-इंजिनीअर देत नाहीत का.

खडू_फळा
डॉक्टर एकदाच देतो हो. २१ वर्ष पेशंट बघितल्यावर परत बारावीला बसवत नाहीत. असो, देणार आहे. फॉर्म भरलाय.

परभणी_ते_ओहायो
मी इकडं अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा तात्पुरता संशोधक) आहे, मूळ जिंतूरकडचा. इकडं पर्मनंटला टेन्युअर म्हणतात. त्याची गोष्ट सांगतो, पेन्सिल सर तुमचा विषय इतिहास आहे म्हणून. १९०० साली स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत रॉस नावाचा समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. युनिव्हर्सिटी रेल्वेच्या पैशावर उभी, मालक वारलेला, त्याची बायको जेन स्टॅनफर्ड सगळा कारभार बघायची, म्हणजे आपल्या भाषेत संस्थाचालक बाई. रॉस काहीबाही भाषणं द्यायचा, रेल्वेवाल्यांना झोंबेल असं पण बोलायचा. बाईंनी प्रेसिडेंटला सांगितलं काढा. काढला. (रॉस काही संत नव्हता, आशियातून येणाऱ्या मजुरांबद्दल तो जे बोलला ते आज वाचवत नाही. पण काढलं ते मालकिणीच्या मर्जीनं.) निषेध म्हणून काही जणांनी राजीनामे दिले, त्यात लव्हजॉय नावाचा तत्त्वज्ञानाचा माणूस होता, त्यानंच पुढं १९१५ ला जॉन ड्यूई वगैरेंना घेऊन प्राध्यापकांची संघटना काढली. १९४० ला त्यांनी कॉलेजवाल्यांशी बसून ठरवलं की जास्तीत जास्त सात वर्ष कच्ची नोकरी, त्यानंतर एकतर पक्कं करा नाहीतर सांगा नमस्कार.

सात वर्ष. पेन्सिल सरांची नऊ झाली. पण इथं पण आता टेन्युअरच्या जागा आटल्यात, अॅडजंट म्हणून पोती भरून लोक ठेवतात, दर कोर्सला पैसे, म्हणजे सीएचबीच. एक अॅडजंट बाई मी बघितली, तीन कॉलेजं करते, तिची सगळी पुस्तकं गाडीच्या डिकीत. आणि ब्रिटनमध्ये तर थॅचर बाईंच्या काळात १९८८ च्या कायद्यानं पुढच्या नेमणुकांचं टेन्युअरच संपवलं.

कडबाकुट्टी
म्हणजे तिकडं पण संस्थाचालक आहेत. बरं वाटलं वाचून 😄 पण तिकडं जमीन विकावी लागते का?

परभणी_ते_ओहायो
जमीन नाही, वय विकावं लागतं. मी ३५ चा आहे, तिसरा पोस्टडॉक. गावाकडं आई विचारते लागला का रे पक्का, मी म्हणतो लागेन. फोनवर "प्रोजेक्ट" समजावून सांगता येत नाही.

माजी_२०८८
मूळ प्रश्नाकडं या हो. मी २०८८ प्राध्यापक पदांच्या भरतीत लागलो, एक रुपया न देता, म्हणून सांगतो की असं होऊ शकतं. आमच्या बॅचला बऱ्याच जणांनी दिले, काही जणांनी नाही दिले. माझं नशीब एवढंच की आरक्षणाच्या त्या बिंदूवर त्या विषयात त्या दिवशी इंटरव्ह्यूला चारच जण आले आणि कुलगुरूंनी पाठवलेले तज्ज्ञ ठाम निघाले. त्याआधी १४ इंटरव्ह्यू दिले होते, नांदेड, हिंगोली, उदगीर, जालना. जिथं उमेदवार आधीच ठरलेला असतो तिथं कळतं लगेच. बाकीच्यांना प्रश्न विचारतात, त्याला चहा विचारतात.

युजीसीच्या २०१८ च्या नियमात लिहिलंय की कंत्राटी प्राध्यापक एकूण मंजूर पदांच्या दहा टक्क्याच्या वर नसावेत. आपल्या मराठवाड्यातल्या दोन्ही विद्यापीठांच्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जा आणि डबे मोजा.

तासाचा दर २०२३ ला वाढवून ९००-१००० केला, लोकांनी पेढे वाटले. मी म्हणतो हीच मेख आहे. तासाचा दर वाढवला की जागा भरायची घाई राहत नाही. आणि जागा जेवढ्या कमी तेवढा त्या कॅल्क्युलेटरवरचा आकडा मोठा. पर्मनंट नोकरी संस्थाचालकापासून वाचवायला आली होती, आता तोच ती विकतो. आणि घेतो कोण, ज्याच्याकडं विकायला दीड एकर आहे तो. ज्याच्या बापाकडं गुंठा पण नाही त्याच्या नेट-सेटला (सेट म्हणजे राज्याची नेट) कोण विचारतंय, तो आपोआपच पेन्सिलीत राहतो. हे मी त्या १४ इंटरव्ह्यूत बाहेरच्या बाकावर बसून शिकलो, माझ्या शेजारचा माणूस गोल्ड मेडलिस्ट होता, त्याचा बाप हमाल.

पेन्सिल_सर
२०८८ सर, हे वाचून रात्री झोप नाही आली. कारण मी सीएचबीत माझ्याच वर्गातल्या एका पोराला हेच सांगत होतो की शिक, शिकलं की होतंय. तो मजुराचा पोरगा आहे, सेटची तयारी करतो, आणि उद्या त्याच जागेला अर्ज करेल तेव्हा मी त्याच्यासमोर बापाची जमीन घेऊन बसलेलो असणार.

कडबाकुट्टी
सर एवढा विचार करू नका, तुम्ही नाही दिले तर दुसरा देणार आहे. तो काय त्या पोराला जागा सोडणार आहे का.

गोदातीरी_माय
हे वाक्य मी माझ्या नवऱ्याच्या तोंडून दर महिन्याला ऐकते, कशाच्याही बाबतीत.

हुरडा_पार्टी
संस्था कोणती पण? डीएम करा.

धागा_राखण
संस्थेचं नाव विचारू नये, सांगू नये. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

औंढ्याचा_नागनाथ
मला कायद्याचं एक विचारायचंय कारकून साहेब. नऊ-दहा वर्ष सीएचबी केल्यावर कोर्टात जाऊन कायम होता येत नाही का? आमच्याकडं एक जण म्हणूलालाय की दहा वर्ष झाली की हक्क लागतो.

वकील_नाही_कारकून
ते दहा वर्षाचं सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या उमादेवी निकालातून आलंय. घटनापीठानं उलट असं सांगितलं की हंगामी माणसाला कायम व्हायचा हक्क नाही, भरती रीतसर जाहिरातीनंच. फक्त तोपर्यंत मंजूर पदावर कोर्टाच्या आदेशाशिवाय दहा वर्ष काढलेल्यांसाठी एकदाच सोय करा म्हणले होते. ती एकदाच होती. डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या एका प्रकरणात सुनावलंय की उमादेवीची ढाल करून वर्षानुवर्ष राबवलेल्या लोकांना हाकलू नका, पण ते सफाई कामगार वगैरेंचं प्रकरण होतं आणि तासिकेवाल्याची तर दर वर्षी नवी नेमणूक दाखवतात. म्हणून तर दाखवतात! जून-जूनची नेमणूकपत्रं जपून ठेवा सगळी, एवढंच सांगू शकतो.

औंढ्याचा_नागनाथ
आमच्याकडं पत्रच देत नाहीत, वहीवर सही घेतात. मस्टर वेगळं, आमची वही वेगळी. दोनशे पानी.

पेन्सिल_सर
मंडळी, चार दिवसांनी लिहितोय, माफी. निकाल लागला पण मी नाही लावला.

दादा आणि मी सातबारा काढायला गेलो होतो, गिऱ्हाईकानं मागितला म्हणून. सातबाऱ्यावर आत्याचं नाव निघालं. आजोबा वारले तेव्हा वारसाची नोंद झाली त्यात दादांच्या बरोबर आत्याचं पण लागलं होतं आणि हक्कसोड कधी केलीच नाही, दादांना वाटायचं केली. आत्या पाथरीकडं दिलेली, वय सत्तरच्या पुढं, एक डोळा अधू. दादा म्हणाले ती कुठं नाही म्हणणार, साडी-चोळी घेऊ आणि सही आणू. गेलो. आत्यानं जेवू घातलं, शेंगदाण्याची आमटी, ज्वारीची भाकरी. मग दादांनी कागद काढला. तिनं चष्मा मागितला, चष्मा घालून कागद वाचला नाहीच, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, तू शिकवतोस ना? मी म्हणलं हो. मग पैसे कशाचे, तिकडून यायचे का इकडून द्यायचे?

मी समजावून सांगितलं. कायम होण्यासाठी द्यावे लागतात. ती म्हणाली, माझ्या लग्नात तुझ्या आजोबानं हा तुकडा विकायचा काढला होता, हुंड्यापायी. मीच रडून नको म्हणले, एक वर्ष लग्न लांबलं. तेव्हा माझ्यापायी इकला न्हाई, आता तुझ्यापायी बी न्हाई. म्हणली आणि ताटं उचलायला गेली. दादा बसस्टँडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एसटीत म्हणाले, आपली म्हशीची पडवी पण त्याच तुकड्यात आहे, मी इसरलोच होतो.

तर आता द्यायला काहीच नाही. संस्थेच्या माणसाला फोन केला, त्यानं "बरं बरं" म्हणून ठेवला, सर वगैरे काही म्हणाला नाही. जाहिरात निघाली की साधा अर्ज करणार आहे, आणि त्या पोराला पण सांगितलंय, तुझी सेट निघाली तर तू पण कर.

कडबाकुट्टी
आत्याबाई जबरदस्त. पण सर, माझं मत तेच आहे अजून, चान्स घालवला.

अंबाजोगाईचा_म्हातारा
आत्यांना माझा नमस्कार सांगा. हक्कसोड आता करूच नका, राहू द्या नाव.

माजी_२०८८
अर्ज कराल तेव्हा एपीआयचे (शैक्षणिक गुणांकाचे) कागद आधीच लावून ठेवा, शोधनिबंधांच्या झेरॉक्स तीन सेट, अनुभवाच्या दाखल्यावर विद्यापीठाची मान्यता लागते नाहीतर छाननीत नऊ वर्ष शून्य धरतात. तुमच्या नेमणुकांना दर वर्षीची विद्यापीठाची मान्यता आहे का?

पेन्सिल_सर
सहा वर्षांची आहे. तीन वर्षांचे प्रस्ताव कॉलेजनं पाठवलेच नव्हते म्हणे. सोमवारी जाऊन क्लार्कला विचारतो.

वकील_नाही_कारकून
तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या आणि इनवर्डचा शिक्का घ्या.